पाटलाच्या शेवटच्या कांड्या

गोकूळ, तुझं सुतक मला तीनच दिवसांचं निघालं.

आपल्याकडे लग्न झालेल्या बहिणीला तेवढंच धरतात. वैशाली तुझी बायको, तिला दहा दिवस. मायला दहा. विहिरीच्या पाण्यावरून ज्या नानांनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्या आपल्या सख्ख्या काकांनाही दहा. आणि तुला कडेवर घेऊन सोनगीरच्या बाजारात फिरवणारी, तुझा शेंबूड पुसणारी, तुझ्यासाठी शाळेत जाऊन मास्तरांशी भांडणारी मी, मला तीन. चौथ्या दिवशी सकाळी माय म्हणाली, "न्हाई घे बाई. तुनं फिटनं." मागच्या अंगणातल्या दगडावर बसून मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि मला राग आला. रीतीचा आला, मायचा आला, पण सगळ्यात जास्त तुझाच आला. तुला माहीत आहे, मला रडू सरळ येत नाही. आधी राग येतो, मग बऱ्याच वेळाने ते येतं.

धाकट्याने असं पुढे निघून जायचं नसतं. लहानपणी रस्ता ओलांडताना तू हात सोडून पळायचास तेव्हाही मी हेच सांगायचे.

तुला जिथे निजवलं होतं त्या मधल्या खोलीत दिवा लावला. दिव्यापाशी ताटात पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातली. दहाव्याला ती उचलायची आणि पिठात कशाचं पाऊल उमटलंय ते पाहायचं. चिमणीचं, गाईचं, मांजराचं, जे उमटेल त्यावरून जीव कुठे गेला ते कळतं. कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईने यावर काय बोलायचं? पीठ मीच चाळून दिलं.

शिवाय तुला तहान लागेल म्हणून पेलाभर पाणी. मुंग्या लागू नयेत, मांजराने लवंडू नये म्हणून मावशी तो पेला ठेवायला उंच जागा शोधत होती. कोपऱ्यात तुझा नायट्रोजनचा कॅन उभा होता. तिला ती डेअरीची दुधाची बरणी वाटली. तिने झाकण पदराने पुसलं, त्यावर पेला ठेवला, पेल्यात तुळशीचं पान सोडलं. झालं, तेच तुझं ठिकाण ठरलं. दारावर बसायला येणारी माणसं आत यायची, दिव्याला हात जोडायची आणि मग कॅनलाही जोडायची. कापडण्याचे मामा तर कॅनपुढे डोकं टेकून रडले. तू असतास तर हसून हसून तुला ठसका लागला असता, आणि माय म्हणाली असती, पाणी पी रे.

मला हसू आलं नाही, कारण त्या कॅनमध्ये काय आहे ते त्या घरात मला, वैशालीला आणि मायलाच माहीत होतं. आत पाटलाच्या शेवटच्या कांड्या होत्या. आणि उडून आटत चाललेला नायट्रोजन भरून आणायला तू धुळ्याला निघणार होतास त्याच सकाळी गेलास.

*

पाटील म्हणजे आपला कटला मासा. माणसाच्या डोक्याइतकं त्याचं डोकं होतं म्हणून तूच ते नाव ठेवलंस. तळं खोदलंस त्या पहिल्या वर्षी धरणातून आणलेल्या बोटुकलीतला, बोटाएवढ्या पिल्लांतला तो. बाकीचे सगळे जाळ्यात सापडले, विकले गेले, हा प्रत्येक वेळी जाळ्याखालून गाळात घुसून निसटायचा. शेवटी तू त्याला पकडायचाच नाही असं ठरवलंस. बांधावर कोणी उभं राहिलं की तो वर यायचा आणि तोंड उघडून पाण्यावर थांबायचा. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठला रे तू" विचारणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

पुढे तू मत्स्यबीज केंद्र काढलंस, लोक बीज न्यायला येऊ लागले, आणि मग तुझ्या लक्षात आलं की बाहेरून घेतलेले सगळे कटले भेसळीचे आहेत. रोहूशी संकर झालेले. डोकी लहान, वाढ खुंटलेली, एखाद्याचा कणाच वाकडा. खरा कटला एकच उरला होता, आणि तो म्हातारा होत चालला होता.

तू जळगावला, पिंप्राळ्यात माझ्या घरी आलास तो दिवस मला अजून दिसतो. भर दुपारी, स्कूटर उन्हात टाकून, चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात. "अक्का, गाईम्हशींचं बीज गोठवीसन ठेवतस. मंग माशानं कसं नही?" मी म्हटलं, माशाचंही गोठवतात, पुस्तकात सगळं आहे. तू म्हणालास, "पुस्तकात शे ना? मंग आपन करूत."

मी तुला आधी घाबरवायचा प्रयत्न केला. फ्रीजरमधून एक विसरलेला टोमॅटो काढला आणि तुझ्यासमोर ताटलीत ठेवला. काढला तेव्हा दगडासारखा टणक, लालभडक. आपलं बोलणं होईपर्यंत तो बसला, साल सुरकुतली, पाणी सुटलं. म्हटलं, बघ, गोठताना आत बर्फाच्या सुया होतात, त्या पेशींना भोसकतात. गोठलेलं असेपर्यंत काही कळत नाही. वितळलं की कळतं काय मेलं आणि काय वाचलं. म्हणून आधी त्यात एक औषध मिसळायचं, ते सुया होऊ देत नाही. पण ते औषधही विषारी, फार वेळ ठेवलं तर तेच मारतं. मग बारीक नळ्यांच्या कांड्यांत भरून नायट्रोजनच्या वाफेवर धरायचं, मग आत बुडवायचं. आणि वितळवताना तर रेंगाळायचंच नाही. हळूहळू ऊब मिळाली तर वितळता वितळता पुन्हा सुया होतात. गोठण्यातून वाचलेले वितळताना मरतात.

तू तो टोमॅटो बोटाने दाबून पाहत होतास. म्हणालास, "म्हंजे माणसासारखंच शे." मी म्हटलं, तत्त्वज्ञान नको, चप्पल काढ.

तुला मी हे कधी सांगितलं नाही, आता सांगते. वर्षानुवर्षं मी फळ्यावर शुक्राणूचं चित्र काढत आले. डोकं, मान, शेपटी. पोरं खिदळायची, मी डस्टर आपटायची. पण खरा, जिवंत, माशाचा शुक्राणू पोहताना मी कधी पाहिला नव्हता. तो मी पहिल्यांदा पाहिला तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये, कॉलेजने मोडीत काढलेल्या सूक्ष्मदर्शकातून. माशाच्या पोटात ते निपचित पडलेले असतात. सगळे, लाखोंनी, जणू काही कामच नाही. पाण्याचा थेंब लागला की एकदम उठतात आणि धावत सुटतात, आणि मिनिटभरात दमून थांबतात. तेवढंच त्यांचं आयुष्य. तेवढ्यात अंडं सापडलं तर सापडलं. मी डोळा लावून बसले होते आणि तू मागून विचारत होतास, "काय दिसस? अक्का, काय दिसस?" मी उठून बाहेर गेले आणि कडुलिंबाखाली उभी राहिले. तुला वाटलं मला नायट्रोजनच्या वाफेने गरगरलं. गरगरलं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाने माझाच विषय मला दाखवला होता आणि मला ते सोसत नव्हतं.

*

पाटलाला हात लावण्याआधी आपण दुसऱ्या एका नरावर हात बसवून घेतला होता. गोठवलं, ठेवलं, दुसऱ्या आठवड्यात मादी तयार झाली तेव्हा वितळवलं. सगळं पुस्तकाप्रमाणे. फक्त कांड्या ज्या वाडग्यात रिकाम्या करायच्या तो वाडगा मायने आणून दिला होता.

आपल्या घरात कोणी भांडं तसंच वापरत नाही. फडताळातून काढलं की आधी विसळायचं, मग त्यात घालायचं. मायने तेच केलं. वाडगा विसळला, झटकला आणि दिला. तळाशी चार थेंब राहिले असतील. तेवढे पुरले. वितळलेल्यातले जे जगले होते ते सगळे त्या चार थेंबांनी जागे झाले, वाडग्यातच धावले आणि दमून मेले. मादीची अंडी यायला अजून अवकाश होता. आपण बसून राहिलो, दुपारपर्यंत सगळी अंडी मरून पांढरी पडली आणि तुला कारण कळेना. शेवटी मी मायला विचारलं. ती म्हणाली, "मी तं विसळीसन दिन्हं. कोरडं भांडं कोनी वापरस का?"

मी चिडले. तू नाही चिडलास. तू मायला म्हणालास, "काई नही माय, त्या बिचारा तयार व्हतात, अंडाच उशिरा उनात." त्यानंतर कितीतरी दिवस कोणी कुठे वेळेआधी पोचलं की तू म्हणायचास, वाडग्यात धावला.

मायने मात्र ते मनाला लावून घेतलं. पाटलाचं गोठवलं तेव्हा ती शेडच्या दारातसुद्धा आली नाही. लांब बांधावर बसून राहिली.

आणि पुढच्या उन्हाळ्यात तळं आटलं, पाणी तापलं, आणि पाटील एक दिवस पोट वर करून काठाला लागला. तू त्याला बांधाच्या कडेला पुरलंस, वर दगड ठेवलास. त्या दिवसापासून कॅनमधल्या त्या मूठभर कांड्या नुसत्या कांड्या राहिल्या नाहीत. शेडमध्ये ऊन लागतं म्हणून तू कॅन घरात आणलास, तुझ्या खाटेच्या उशाशी. वैशाली म्हणायची, माझ्यापेक्षा त्याच्या जवळ तो कॅन झोपतो.

*

मग सुरू झालं आपलं भांडण, जे कधी संपलंच नाही.

दर पावसाळ्यात माद्या तयार व्हायच्या. दर पावसाळ्यात मी फोन करायची, आता वितळव. दर पावसाळ्यात तुझं काहीतरी निघायचं. यंदा माद्या लहान आहेत. यंदा पाऊस नीट नाही. यंदा वैशालीच्या भावाचं लग्न आहे. मी म्हणायची, गोठवून ठेवलं म्हणजे वाचलं असं नसतं रे, ते नुसतं थांबलेलं असतं. वाचलं की नाही हे वितळवल्याशिवाय कळत नाही. तू म्हणायचास, "तुनं म्हंजे पी हळद आनि हो गोरी." मी म्हणायची, आणि तुझं? तू म्हणायचास, झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदाच, फक्त एकदा, तू खरं बोललास. आखाजीला मी माहेरी आले होते. झोके बांधले होते, मायने घागर भरली होती, सांजोऱ्या तळून झाल्या होत्या. आपण दोघं बांधावर बसलो होतो आणि तू पाटलाच्या दगडाकडे पाहत म्हणालास, "अक्का, वितळाडं आनि काईच हालनं नही तं?"

उत्तर मला येत होतं. बरेचसे हलणार नाहीत, थोडे जागच्या जागी थरथरतील, अगदी थोडे पोहतील. गोठण्याचा हिशोब असाच असतो. पण तुझ्या तोंडाकडे पाहून मी म्हटलं, चल, सांजोऱ्या गार होतायत.

शेवटचा फोन तुझा आला होता. मी पेपर तपासत बसले होते, टेबलावर गठ्ठे, वर पंखा, सगळे कागद उडत होते. तू विचारलंस कधी येतेस. मी म्हटलं, पेपर संपले की. आणि वर म्हटलं, पाटलाचं काय करणार आहेस, जपून जपून लोणचं घालणार आहेस का? तू हसलास. म्हणालास, "तूच ये ना मंग. तुनाच हातखाल व्हवू दे." मी म्हटलं, बघते. ते खरंच बघते म्हटलं होतं, गोकूळ, टाळायला नाही. आणखी थोडे गठ्ठे राहिले होते.

*

तर त्या चौथ्या दिवशी ओले केस पुसत मी मधल्या खोलीत गेले. कॅनवर तुझा पेला. कॅनमध्ये किती उरलंय ते पाहायचं तर झाकण काढायला हवं, आणि झाकण काढायचं तर तुझं पाणी उचलायला हवं. दारात नाना बसले होते. मी पेल्याकडे हात नेला तसे ते म्हणाले, "दहावं व्हई जावू दे बाई. तवलोंग तठली काडी बी हालाडू नको."

मी तोंड उघडलं. तुला माहीत आहे मी उघडलं की काय होतं. नानांना मी विहिरीपासून सगळं ऐकवणार होते. पण आतून माय आली. चार दिवस ती कोणाशी नीट बोलली नव्हती. ती नानांना म्हणाली, "तिले तीनच दिवस शेतस. ती आते या घरनी नही, तिले कसानं सुतक?" आणि मग माझ्याकडे पाहून, "तुनं फिटनं ना? मंग तूच लाव हात."

ज्या रीतीने मला तुझ्यापासून तीन दिवसांत तोडलं होतं, तीच रीत मायने माझ्या हातात किल्लीसारखी दिली. मी पेला उचलून तिच्या हाती दिला. झाकण काढलं. पांढरी वाफ काठावरून उतरून जमिनीवर पसरली, दिव्याच्या बुडाशी गेली आणि विरली. दारातल्या बायका मागे सरकल्या. मी लाकडी पट्टी आत घातली, काढली, हवेत हलवली. पट्टीवर पांढरं हिंव धरलं, ते बोटभरच; नायट्रोजन तेवढाच उरला होता. आणखी दोन दिवस थांबले असते तर आत काही उरलं नसतं.

मी शेडकडे गेले, सलीमला विचारायला की धुळ्याला नायट्रोजन कोण देतं. तो बांधावर नुसता बसून होता. तुझ्याकडे इतकी वर्षं कामाला होता आणि माणसं गर्दी करून रडत असताना त्याला घरात यावंसं वाटलं नव्हतं. मला पाहून उभा राहिला. म्हणाला, "अक्का, त्या दोन माद्यांचं काय करायचं?"

मी म्हटलं, कुठल्या?

"भाऊंनी वेगळ्या काढल्या ना या वर्षी. पाटलासाठी. मोठ्या हौदात आहेत. मला म्हणाले, अक्काचे पेपर संपले की ती येईल, मग करू. आता दोघी तयार झाल्यात. अजून थांबलो तर अंडी पोटातच जिरवतील."

मी त्याला परत सांगायला लावलं. तो परत तेच म्हणाला, अक्काचे पेपर संपले की.

म्हणजे तू मानलं होतंस. इतक्या वर्षांच्या भांडणात तू शेवटी माझं ऐकलं होतंस आणि मला सांगितलं नाहीस. फोनवर हसलास फक्त. मी हौदाच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि तेव्हा, गोकूळ, मला रडू आलं. सलीम दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. आत दोन मोठ्या माद्या फुगलेली पोटं घेऊन सावकाश फिरत होत्या.

*

सलीम धुळ्याहून नायट्रोजन भरून घेऊन आला. संध्याकाळी त्याने माद्यांना अंडी सुटण्याचं इंजेक्शन दिलं, आणि उजाडायच्या सुमारास आम्ही शेडमध्ये होतो. मी, सलीम, आणि माय.

माय येईल असं मला वाटलं नव्हतं. ती सुतकातली, शिवाय तो वाडग्याचा प्रकार. ती दाराशी येऊन म्हणाली, "मी कशालेच हात लावत नही. नुसती बसस." आणि बसली. तिच्या हातात एक स्टीलचा वाडगा होता, तोच तो. तिने तो घरून आणला होता. पदराने ती तो पुसत होती. आतून, बाहेरून, काठाखालून. पुसायची, उजेडाकडे धरायची, परत पुसायची. मी मादीला ओल्या टॉवेलात धरलं, सलीम कांड्यांसाठी पाणी कोमट करत होता, आणि कानाला एकसारखा तिच्या लुगड्याचा भांड्यावर घासल्याचा आवाज. मी म्हटलं, "माय, व्हयनं कोरडं." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. एक डाव आखो पुसस."

अंडी त्या कोरड्या वाडग्यात उतरली. फिकट नारिंगी, साबुदाण्याच्या खिरीसारखी. मग मी चिमट्याने कांड्या काढल्या. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात धरल्या, तुला शिकवलं होतं तसं, रेंगाळू न देता. पहिल्या कांडीतला एक थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला.

तू मागे नव्हतास. कोणी विचारलं नाही काय दिसस म्हणून.

सांगते. बहुतेक सगळे निपचित होते. मेलेले आणि झोपलेले सारखेच दिसतात. मी काचेच्या कडेने पाण्याचा थेंब सोडला. काही हलले नाहीत. काही जागच्या जागी थरथरले, शेपूट मोडल्यासारखे गोल गोल फिरले. आणि मग मध्येच एक सरळ गेला. त्याच्या मागे दुसरा. चार-दोन आणखी. फार नव्हते रे, पण सरळ जात होते. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोळ्यासमोर पोहत होतं आणि तू ते पाहायला नव्हतास, हे मी तुला माफ करणार नाही.

मी कांड्या वाडग्यात रिकाम्या केल्या, पिसाने अंडी हलक्या हाताने फिरवली. आता पाणी घालायचं. मी पाण्याचा मग उचलायला वळले तर माय उठून पुढे आली होती. तिच्या हातात घरून आणलेला तुझा पेला होता. कालचा. रोज सकाळी तो तुळशीच्या बुडाशी ओतून नवा भरायचा असतो.

ती म्हणाली, "हाई त्यानंच पानी शे. आज टाकनंच शे. अठेच टाकू का?"

मी शास्त्राची बाई. पाणी कुठलं, किती गार, किती जुनं, हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. विहिरीचंच पाणी होतं. मी म्हटलं, "टाक, माय. हळू टाक." तिने तुळशीचं पान काढून कमरेला खोचलं आणि तुझं पाणी धार धरून वाडग्यात सोडलं. धार तुटली नाही.

दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त अंडी पांढरी पडली. ती मी वेचून काढत बसले. उरलेली काचेसारखी स्वच्छ होती, आणि संध्याकाळी त्यांच्यात काळे ठिपके वळवळायला लागले. आता हाप्यात, पाण्यात बांधलेल्या जाळीत, जिरे आहेत, अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, पाटलाची, केसासारखी. किती ते मोजलं नाही. सलीम मोजायला निघाला होता, मी नको म्हटलं. तू असतास तर मोजलं असतंस आणि गावभर सांगितलं असतंस.

आणखी एक सांगायचं आहे. तू चेष्टा करशील, कर. एक कांडी मी ठेवली. तुला लोणचं घालणार का म्हणून हिणवणारी मी, हातात चिमटा धरून त्या शेवटच्या कांडीपाशी थांबले आणि ती परत आत सोडली. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. कॅन भरून परत खोलीत नेऊन ठेवला आहे, मायने त्यावर नवा पेला भरून ठेवला. तुझी झाकली मूठ आता माझ्याकडे आहे.

*

काल दहावं झालं. मी मध्ये घरी जाऊन जळगावहून परत आले होते, पाहुणी म्हणून.

मावशीने टोपली उचलली. सगळ्या बायका वाकल्या. ताटातलं पीठ मी चाळून पसरलं होतं तसंच होतं, गुळगुळीत. चिमणी नाही, गाय नाही, मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "काईच नही उमटनं. जीव अटकना का काय?" वैशालीने तोंडाला पदर लावला. मी काहीतरी बोलणार होते, पिठाबद्दल, अंधश्रद्धेबद्दल, शिकवल्यासारखं. पण खरं सांगते, मीही त्या कोऱ्या पिठात काही उमटलंय का ते परत परत शोधत होते.

माय खाली वाकली. ताट उजेडाकडे तिरपं करून तिने ते नीट पाहिलं, वाडगा पाहिला होता तसं.

"मासा व्हई गया मना गोकूळ," ती म्हणाली. "माशाले कोठे पाय ऱ्हातस?"

मग तिने ताट खाली ठेवलं, कॅनवरचा पेला उचलला आणि विसळायला मोरीकडे गेली.